आठ लाख कुणाला सांगितले?

फोन वाजला तेव्हा तगादा मावशी वाचनालयाच्या मागच्या खोलीचं कुलूप काढत होती. सकाळचे पावणेनऊ वाजले होते.

"मावशी, मी आज येत नाही," लाँड्रीवाली म्हणाली. आवाजात कित्येक दिवसांनी हुरूप होता. "तुम्ही पाठवलेल्या माणसांनी सगळं हातात घेतलंय. चार वाजता सही आहे. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशीने कुणालाही पाठवलं नव्हतं.

"कुठली माणसं?"

"असं काय करता? दिलासावाले. दुकान तेवढं त्यांच्या नावावर ठेवायचंय, सुरक्षिततेसाठी म्हणून."

"जागची हलू नकोस. मी आलेच."

मावशीने उघडलेलं कुलूप तसंच कडीला अडकवलं. बावीस वर्षं तिने एका बँकेच्या वसुली खात्यात काढली होती. हप्ते थकलेल्या लोकांना फोन करायचा, तगादा लावायचा, हेच काम. नाव तिथेच पडलं. निवृत्त झाल्यावर ती सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, एक पैसा न घेता, कर्जात बुडालेल्यांना ती या खोलीत मार्ग दाखवायची. सावकाराच्या पोटातलं तिला ठाऊक होतं, म्हणून सावकार तिला टरकून असत.

पण गेल्या पाच महिन्यांत तिची तीन माणसं अशीच गेली होती. टेम्पोवाला, नर्स, एक सुतार. तिघांनाही कर्जातून सोडवतो म्हणणाऱ्या 'दिलासा' नावाच्या कंपनीने गाठलं, आगाऊ पैसे घेतले, सह्या घेतल्या. टेम्पोवाल्याचा टेम्पो आता दुसराच कुणीतरी चालवत होता. तिघांनाही वाटलं होतं की ती माणसं मावशीनेच पाठवली. या गोष्टीने मावशीचं पित्त खवळलं होतं.

बाहेरच्या बाकावर नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी फाइलवाले काका येऊन बसले होते. त्यांच्या शेजारी एक बाई तोंडाला पदर लावून बसली होती.

"निघालात?" काका म्हणाले. "जाऊन या निवांत. माझं काय, साडेआठ लाखांचं रडगाणं, ते कुठे पळून जातंय? या ताईंना आधी घ्या. तुम्ही व्हा पुढे, ताई, मला घाई नाही."

त्यांच्या मांडीवर फाइल होती. त्यात पाकिटं तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकाची कड कात्रीने सरळ कापलेली. असा टापटिपीचा कर्जदार शोधून सापडायचा नाही, असं आलेल्यांचे फॉर्म भरून घेणारे मास्तर कौतुकाने म्हणत. काका नव्या माणसाला पाणी आणून देत, धीर देत. कुणाला थांबायला वेळ नसला तर त्याचा फोन नंबर घेऊन ठेवत आणि गर्दी ओसरली की कळवत. बाकावरच्या लोकांना त्यांचा मोठा आधार होता.

*

लाँड्रीत वाफ कोंदली होती. दोन मशिनं चालू होती, तिसरं बंद. त्या बंद ड्रायरमध्ये लाँड्रीवालीने दोन वर्षं बँकांची पत्रं न उघडता कोंबली होती. मावशीने सांगितल्यावर गेल्या मंगळवारी ती उशीचा अभ्रा भरून ती घेऊन आली. त्रेसष्ट पाकिटं, एकही फोडलेलं नाही. मावशीला नवल वाटलं नव्हतं. बुडालेला माणूस पाकीट फोडत नाही, हे ती बावीस वर्षं बघत आली होती.

"फोन कधी आला?"

"बुधवारी."

"काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग."

लाँड्रीवालीने इस्त्री उभी केली. "म्हणाला, ताई, मावशींच्या केंद्राकडून बोलतोय. तुमचे आठ लाख थकलेत ते आम्हाला माहीत आहे, लाजू नका. सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल. मी म्हटलं, आकडा माहीत आहे म्हणजे माणूस आपलाच."

"पैसे किती मागितले?"

"चाळीस हजार. आधी."

"पत्रांचं काय म्हणाला?"

"आता एकही उघडू नका म्हणाला. आणि तुमच्याशी बोलू नका, मावशींना उगाच त्रास कशाला. पण मला राहवलं नाही, म्हणून फोन केला."

"मी कधी तुझ्याकडे पैसे मागितले?"

"नाही."

"पत्रं उघडू नको म्हटलं?"

"उलट उघडायलाच लावलीत."

"सहीची घाई केली?"

"नाही."

"मग माझी माणसं बरोब्बर माझ्या उलट कशी वागतील?"

लाँड्रीवाली हटली नाही. "मावशी, तुमच्या वाटेने चार वर्षं लागणार. त्यांच्या वाटेने सहा महिने. मी थकलेय हो. दोन वर्षं दारावर टकटक झाली की मी मशिनामागे लपते. माझ्याच दुकानात."

मावशीने वही काढली.

"दुकान तुझं आहे. चार वाजता तुला पटेल ते कर. पण तोवर सही नको. आणि आता मला खरं सांग. पहिल्या दिवशी मास्तरांच्या फॉर्मवर तू किती लिहवलेस?"

"सात."

"दार लावून घेतल्यावर मला?"

"नऊ."

"नवऱ्याला?"

"तीन." आवाज बारीक झाला. "धाकट्या बहिणीला एक."

"आणि मंगळवारी सगळी पाकिटं फोडून आपण बेरीज केली तेव्हा?"

लाँड्रीवाली एकाच शर्टाची तीच बाही तिसऱ्यांदा इस्त्री करत राहिली. उत्तर मावशीला माहीत होतं. त्या पत्रांच्या प्रती वाचनालयाजवळच्या झेरॉक्सवाल्याने काढल्या होत्या.

"मग आठ कुणाला सांगितलेस?"

"कुणालाच नाही."

"आठवून बघ."

"मावशी, खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं तोंडपाठ असतं. ठेवावंच लागतं. आठ मी जिवंत माणसांपैकी कुणालाही सांगितलेले नाहीत."

"बरं. आता एक अवघड काम. तुझी धाकटी मला हवी आहे, आत्ता. तिला कळणार."

"किती ते सांगू नका."

"ते तूच सांगशील, सांगायचं तेव्हा."

मग लाँड्रीवालीने फोन उचलून बहिणीचा नंबर लावला.

*

वाचनालयाच्या दारात ग्रंथपाल कंबरेवर हात ठेवून उभे होते. मागे भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी होती. ग्रंथपालांचा अर्धा पगार त्या पाटीसाठीच असावा, असं मास्तर म्हणत.

"ही चौथी ना?" ग्रंथपाल म्हणाले. "टेम्पोवाला काल इथे येऊन बोलून गेला, तुमच्यामुळे बुडालो म्हणून. सोमवारपासून मी खोलीला कुलूप लावतोय. माझा संशय विचाराल तर मास्तर. फॉर्म तेच भरतात. कानाने कमी, त्यामुळे लोक ओरडून आकडे सांगतात. आणि परवा नवी स्कूटर घेतली त्यांनी."

"रोखीने घेतलीय," मावशी म्हणाली. "सहा वर्षं डब्यात पैसे साठवून. डबा मी पाहिलाय."

"मग तो झेरॉक्सवाला. सगळी पत्रं त्याच्या हाताखालून जातात. एक प्रत जास्त काढली तर कुणाला कळणार आहे?"

"तुमच्याकडेही खोलीची किल्ली आहे."

ग्रंथपाल लाल झाले. मावशी आत निघून गेली.

तिने दोन फोन केले. टेम्पोवाल्याने आधी चार शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या, कारण त्याचा टेम्पो गेला होता.

"एकच विचारते. दिलासावाल्याने पहिल्या फोनवर तुझा आकडा किती सांगितला?"

"आठ."

टेम्पोवाल्याचं कर्ज पंधरा लाख होतं.

नर्सने थोडा विचार केला. "पावणेआठ. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं, कारण माझे बारा होते. पण जवळपास तरी माहीत आहे म्हटलं."

"पावणेआठ तुम्ही कुणाला सांगितले होते?"

"कुणाला बरं? नाही आठवत. असंच बोलता बोलता बोलले असेन."

मावशीने कागदावर तीन आकडे एकाखाली एक लिहिले. आठ. पावणेआठ. आठ. तीन माणसं, तीन वेगळी कर्जं, एकमेकांची ओळखपाळख नाही. तरी तिघांचं खोटं एकाच ठिकाणी येऊन का थांबावं?

ती कागदाकडे बघत बसली. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी कुणाला तरी पुढे जायला सांगितलं. मावशीने पेन खाली ठेवलं.

धाकटी साडेदहाला मागच्या दाराने आली. ती बसवर कंडक्टर होती, त्यामुळे कुजबुजणं तिला जमत नसे.

"मला एक लाख म्हणाली होती," ती आल्या आल्या म्हणाली. "मी म्हटलं, एवढ्याशासाठी हिचं तोंड का उतरलंय? मावशी, कोण आहे तो, फक्त दाखवा."

"दाखवते. पण आधी तू कर्जबाजारी हो."

मावशीने तिला चार चिठ्ठ्या दिल्या. चार माणसं, चार वेगळे आकडे. ग्रंथपालांना दोन लाख सांगायचे. मास्तरांच्या फॉर्मवर साडेचार. झेरॉक्सवाल्याकडे प्रत काढायला द्यायचं ते पत्र मावशीने स्वतः तयार केलं होतं, त्यात नऊ. आणि चौथ्याला सव्वासहा.

"आणि फोन नंबर?"

"जो मागेल त्याला दे."

धाकटी पुढच्या दाराने गेली, डोळे पुसत आत आली, बाकावर बसली, फॉर्म भरला, प्रत काढली, ग्रंथपालांपाशी दोन मिनिटं रडली. रडणं जरा जास्तच झालं, पण शंका कुणालाच आली नाही.

एक चाळीसला तिचा फोन वाजला. मागच्या खोलीत मावशीने दार लावून घेतलं. धाकटीने आवाज मोठा केला आणि बोलणं रेकॉर्डवर टाकलं.

"ताई, मावशींच्या केंद्राकडून बोलतोय," एक गोड पुरुषी आवाज म्हणाला. "घाबरू नका. तुमचे सव्वासहा लाख आम्हाला माहीत आहेत."

*

अडीच वाजता मावशीने सगळ्यांना खोलीत बोलावलं. लाँड्रीवाली दुकान बंद करून आली होती आणि बहिणीपासून चार हात दूर उभी होती. मास्तर फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरून होते. झेरॉक्सवाल्याच्या बोटांना शाई होती. ग्रंथपाल घड्याळ बघत होते.

मावशी दारात गेली.

"काका, आज तुम्ही व्हा पुढे."

"मी?" फाइलवाले काका हसले. "नको, नको. आधी यांचं होऊ द्या. मला घाई नाही."

"पाच महिने झाले, तुम्हाला घाई नाही. या."

काका आत आले. खुर्चीवर टेकले. फाइल मांडीवरच राहिली.

"कर्जदाराची एक खोड असते," मावशी म्हणाली. "लाजेपोटी तो प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतो. नवऱ्याला एक, बहिणीला एक, मला एक. आकडा बघून मी सांगू शकते की तो कुणाच्या तोंडावर सांगितलाय. हिने मास्तरांना सात सांगितले. मास्तर फितूर असते तर दिलासावाला सात म्हणाला असता. झेरॉक्सवाल्याच्या हातून खरी पत्रं गेली. तो असता तर खरा आकडा निघाला असता. माझ्या वहीला कुणी हात लावला असता, ग्रंथपालांनी त्यांच्या किल्लीने खोली उघडून समजा, तर नऊ. दिलासावाला आठ म्हणाला."

ग्रंथपालांनी घसा खाकरला.

"आठ कुणाला सांगितले, हे हिला आठवेना. कारण तिच्या लेखी ते सांगणं नव्हतंच. फॉर्म नाही, टेबल नाही, समोर अधिकारी नाही. एका बाकावर बसून दोघं आपापलं दुःख बोलली, एवढंच."

लाँड्रीवालीचा हात तोंडाशी गेला.

"आठवलं?"

"ते म्हणाले, माझे साडेआठ थकलेत," लाँड्रीवाली हळूच म्हणाली. "मग मी म्हटलं, माझे आठ. थोडे तरी कमी असावेत म्हणून."

"टेम्पोवाल्यानेही तेच केलं. नर्सनेही. समोरचा साडेआठ म्हणाला की आपण त्याच्या एक पायरी खाली उभं राहायचं. पंधरावाला आठ म्हणतो, बारावाली पावणेआठ म्हणते. तीन खोटी एका जागी जमली, कारण तिघांच्या शेजारी एकच माणूस बसला होता."

"योगायोग," काका म्हणाले. आवाज अजून शांत होता.

"असेल. म्हणून आज या मुलीने चार जणांना चार आकडे सांगितले. सव्वासहा फक्त तुम्हाला. आणि नंबरही तुम्हीच मागून घेतलात, गर्दी ओसरली की कळवतो म्हणून. दिलासावाल्याने कळवलं. सव्वासहाच म्हणाला. रेकॉर्डवर आहे."

धाकटी एक पाऊल पुढे आली. मावशीने हात आडवा केला.

"मला हे आधीच दिसायला हवं होतं, ही माझी चूक. जो माणूस खरंच बुडालाय तो रांगेतला आपला नंबर सोडत नाही. पहाटे येऊन बसतो आणि कुणी घुसलं तर भांडतो. आणि त्याची पाकिटं बंद असतात. द्या ती फाइल."

काकांनी ती दिली नाही, पण धाकटीने ती उचलली तेव्हा धरूनही ठेवली नाही. मावशीने पत्रं उलटली. सगळ्यांत नवं पत्र दोन वर्षांपूर्वीचं होतं; त्यानंतर एकाही बँकेने तगादा लावला नव्हता.

मग काकांचा चेहराच बदलला.

"साडेआठ खोटे नव्हते," ते म्हणाले. "माझेच होते. दिलासाने मोकळं करतो म्हटलं आणि घर घेतलं. वर त्यांचेच अडीच लाख माझ्या डोक्यावर. मग म्हणाले, नावं आणून द्या, एका नावामागे एक हप्ता माफ. मी काय करणार होतो? तुमच्यासारखं मला कोण वाचवायला बसलं होतं?"

"मी बसले होते," मावशी म्हणाली. "या दाराच्या आत. तुम्ही बाहेर. मध्ये एक दार होतं, आणि तेही उघडं."

काकांनी मान खाली घातली. "आत आलो असतो तर तुम्ही पत्रं मागितली असती."

मावशीला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. तिने कीव बाजूला ठेवली, कारण टेम्पोवाल्याचा टेम्पो गेला होता.

"पोलीस यायला निघालेत. दिलासाची माणसं, कचेरी, घेतलेल्या सह्या, सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं. त्या तिघांची नावंही तुम्हीच सांगायची. ते झालं की मंगळवारी या, तुमचं पहिलं पाकीट मी घेईन. माफी माझ्याकडे मागू नका. ज्यांचं गेलं त्यांच्याकडे मागा."

*

पोलिसांनी काकांना नेलं तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. मास्तरांनी फॉर्मांचा गठ्ठा अखेर खाली ठेवला. ग्रंथपाल त्यांना म्हणाले, "स्कूटर छान आहे." मास्तरांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं.

बरोबर चारला लाँड्रीवालीचा फोन वाजला.

तिने मावशीकडे पाहिलं. लाँड्रीवालीने फोन घेतला आणि वाचनालयाच्या मधोमध, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या सात-आठ माणसांच्या देखत, कानाला लावला.

"ताई, कागद तयार आहेत," तोच गोड आवाज म्हणाला. "दुकानावर येऊ का आम्ही?"

"या," ती म्हणाली. "दुकान उघडंच असेल. मी काउंटरवरच उभी असेन, मशिनामागे नाही. सही मात्र मिळणार नाही."

"ताई, असं करू नका. तुमचे आठ लाख—"

"आठ नाहीत."

वर्तमानपत्रं खाली आली. ग्रंथपालांचा हात सवयीने पाटीकडे गेला.

"अकरा लाख चाळीस हजार," लाँड्रीवाली म्हणाली. "कर्ज माझं आहे, चोरी नाही केलेली. चार वर्षं लागली तरी फेडीन, आणि फुकट मदत करणाऱ्या माणसाकडूनच वाट विचारीन. आता पोलिसांना काय सांगायचं ते बघा तुम्ही."

तिने फोन बंद केला.

ग्रंथपालांनी पाटीवरचा हात काढून खिशात घातला.

"किती म्हणाली?" मास्तरांनी कानाशी हात नेत विचारलं.

लाँड्रीवाली वळली, पण मास्तरांकडे नाही. धाकटी दाराशी उभी होती.

"अकरा लाख चाळीस," ती तिच्याकडे बघत मोठ्याने म्हणाली. "तुला एक म्हटलं होतं. खोटं बोलले."

धाकटीचे डोळे भरून आले. "चल," ती म्हणाली, "पाकिटं घेऊन बसू. मला बेरीज जमते."

मास्तरांनी गठ्ठ्यातून फॉर्म शोधून काढला, सात खोडला आणि वर नवा आकडा लिहिला.